वाचकांचे प्रश्न : खण अडकतो तो उंचीत

प्रश्न : आमच्या वाड्याचा एक भाग उतरवला तेव्हा निघालेल्या तक्तपोशीच्या सागवानी फळ्यांतून मी एप्रिल महिन्यात, विजेवर चालणारे एकही यंत्र न वापरता, एक छोटे कपाट केले. रुंदी २४ इंच, उंची ३० इंच, खोली १४ इंच. वर शेजारी शेजारी दोन खण आणि खाली दोन दारे. लाकूड दोन पिढ्यांपूर्वीचे असल्यामुळे आता ते हलणार नाही, अशा समजुतीने खण अगदी बेताचे बसवले होते. जुलैमध्ये दोन्ही खण अडकले आणि एका दाराच्या चौकटीचा कोपऱ्यातील सांधा उघडला. ओळखीचे सुतार म्हणतात की खणांच्या बाजू रंध्याने तासून घ्या. तसे करावे का?
— एक वाचक, वाई

उत्तर : रंधा हातात घेण्यापूर्वी खण नेमका कुठे घासतो ते पाहावे. खण कसाबसा बाहेर काढून त्याच्या बाजूच्या फळ्यांना, त्यांच्या वरच्या आणि खालच्या कडांना रंगीत खडू चोळावा, खण अडकेपर्यंत आत सरकवावा आणि पुन्हा बाहेर काढावा. खडू जिथे पुसला गेला असेल ती जागा अडकणारी. आपल्या बाबतीत खडू बाजूंवर जसाच्या तसा राहील आणि वरच्या कडेवरचा पुसला जाईल, असा माझा अंदाज आहे.

त्याचे कारण लाकडाच्या रेषांच्या दिशेत आहे. हवेतील ओलावा घेऊन लाकूड फुगते ते रेषांना आडवे, म्हणजे फळीच्या रुंदीत. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ बदलतच नाही. खणाच्या दर्शनी फळीच्या रेषा डावीकडून उजवीकडे जातात, त्यामुळे खणाची रुंदी बाराही महिने तेवढीच राहते. बाजूच्या फळ्यांच्या रेषा पुढून मागे जातात आणि त्यांची रुंदी उभी असते. म्हणून खण वाढतो तो उंचीत. पावसाळ्यात अडकणारा खण डावी-उजवीकडे घासत असेल, तर दोष बहुधा हवेचा नसून गुण्याचा असतो, म्हणजे खण किंवा कपाटाचे खोके काटकोनात जुळलेले नसते.

किती वाढतो, याचाही हिशेब करता येतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास असताना लाकडातील ओलावा साडेसात-आठ टक्क्यांवर स्थिरावतो, आणि आर्द्रता ८० टक्के झाली की तो १६ टक्क्यांच्या आसपास जातो. सपाट कापलेल्या सागवानी फळीची रुंदी ओलाव्यातील दर एक टक्का बदलामागे सुमारे ०.१९ टक्क्याने बदलते. खणाची बाजू ६ इंच उंच धरली, तर आठ टक्क्यांच्या बदलाने ती पाऊण सुताने (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढते. एप्रिलमध्ये आपण वर कागदाच्या जाडीएवढी फट ठेवली असेल, तर ती पहिल्या पंधरवड्यातच संपली असणार. सागवान हे मुळात कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे. इतर अनेक लाकडे याहून अधिक त्रास देतात.

जुन्या लाकडाविषयीची समजूत फार पसरलेली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. जुन्या फळीतील आतले ताण बरेचसे निवळलेले असतात, म्हणून ती नव्या फळीसारखी अचानक वाकत किंवा पिळत नाही. पण हवेतून ओलावा घेणे आणि सोडणे हा गुण लाकूड कितीही जुने झाले तरी जात नाही. वाड्याच्या छतात ती तक्तपोशी दर पावसाळ्यात फुगत आणि दर उन्हाळ्यात आकसत आलीच होती. तिथे फळ्यांना सरकायला जागा होती, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही, इतकेच.

तेव्हा बाजू तासू नयेत. माझ्या पहिल्या कपाटाच्या वेळी मी नेमके तेच केले होते. खण अडकला की दोन्ही बाजूंवर दोन-दोन हात रंधा मारायचा, असे श्रावणभर चालले. पुढच्या उन्हाळ्यात तो खण ओढताना साप सरकावा तसा तिरपा सरकू लागला, आणि पाऊस आल्यावर वरच्या बाजूला पुन्हा अडकला तो अडकलाच. आपण वरच्या कडेवरूनच लाकूड काढावे, तेही आत्ता लगेच नाही. सागवान ओलावा सावकाश घेते, त्यावर पॉलिश असेल तर आणखी सावकाश. जुलैमध्ये ते पुरते फुगलेले नसते. ऑगस्टच्या अखेरीस खण बाहेर काढून वरच्या कडेवरून रंधा असा फिरवावा की खण जेमतेम मोकळा सरकेल. त्या वेळी लाकूड सर्वांत फुगलेले असल्यामुळे त्याहून अधिक फट ठेवण्याची गरज नाही. कोपऱ्यावर रंधा नेताना शेवटचे टोक फुटते, म्हणून दोन्ही टोकांकडून मध्याकडे यावे. नंतर ज्या पट्ट्यांवर खण सरकतो त्यांना आणि खणाच्या खालच्या कडांना साधी मेणबत्ती चोळावी. तेल लावू नये. त्यावर धूळ बसून चिकटा होतो.

त्या पट्ट्या कपाटाच्या बाजूला कशा बसवल्या आहेत, हेही याच निमित्ताने पाहून घ्यावे. कपाटाच्या बाजूच्या फळीच्या रेषा उभ्या आणि पट्टीच्या रेषा पुढून मागे, अशी ही गाठ आहे. पट्टी पूर्ण लांबीभर गोंदाने चिकटवलेली असेल, तर कपाटाची बाजू आकसू पाहील आणि पट्टी तिला आकसू देणार नाही. अशा वेळी तडा जातो तो बाजूला. गोंद फक्त पुढच्या दोन इंचांना लावावा आणि मागच्या टोकाला स्क्रूसाठी लांबट भोक पाडावे, म्हणजे लाकडाला जागा मिळते.

उघडलेल्या सांध्याचे कारणही हेच आहे. चौकटीच्या खाचेत आपण पॅनेल, म्हणजे दाराची मधली फळी, तळापर्यंत दाबून बसवले असावे. ९ इंच रुंद पॅनेल पावसाळ्यात एका सुताहून थोडे अधिक फुगते, आणि त्याला जागा मिळाली नाही तर ते चौकटीच्या उभ्या पट्ट्या बाहेर रेटते. फुगणाऱ्या लाकडाचा रेटा एवढा असतो की कुसू (सांध्यात दुसऱ्या पट्टीच्या भोकात बसणारे टोक) कितीही चांगला असला तरी सांधा उघडतो. खाच तीन सूत खोल असावी आणि उन्हाळ्यात केलेल्या पॅनेलला प्रत्येक बाजूला एक सूत मोकळे सोडावे. ऐन पावसात केलेल्या पॅनेलला जेमतेम अर्धे सूत पुरते. खाचेत गोंदाचा थेंबही नको. पॅनेल मधोमध राहावे असे वाटत असेल, तर वरच्या आणि खालच्या कडेच्या मध्यावर एकेक खिळा पुरेसा आहे. आणखी एक गोष्ट : पॅनेलला पॉलिश चौकटीत घालण्याआधी करावे, नाहीतर उन्हाळ्यात ते आकसले की कडेला कोऱ्या लाकडाची पट्टी दिसू लागते आणि पाहुण्यांचे लक्ष नेमके तिथेच जाते.

आता दुरुस्ती. सांध्यात सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुन्या पद्धतीचा गोंद) वापरला असेल, तर आपण नशीबवान आहात. गरम पाण्याचा बोळा ठेवून सरस सुटतो आणि चौकट उकलता येते. पांढरा गोंद वापरला असेल, तर चौकट उकलण्याच्या फंदात पडू नये. दाराच्या मागच्या बाजूने खाचेचा ओठ पटाशीने चारही बाजूंनी उतरवावा, पॅनेल मागून काढावे, त्याची प्रत्येक उभी कड एक सूत तासावी, सांधा पुन्हा दाबून चिकटवावा आणि पॅनेल परत ठेवून मागून बारीक पट्ट्या माराव्यात. पट्टीचे खिळे चौकटीत जावेत, पॅनेलमध्ये नव्हे. पुढून काहीच कळत नाही.

प्रश्न : फ्लॅटच्या बाल्कनीत असेच छोटे कपाट करायचे ठरवले आहे. खणांचे कोपरे डव्हटेलने (टोकाकडे रुंद होणाऱ्या शेपट्या खाचांत बसवून केलेल्या सांध्याने) जोडावेत की गोंद आणि चुका (बारीक खिळे) पुरतात? हत्यारे कमीत कमी कोणती घ्यावीत?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : खणावर पडणारा जोर एकाच दिशेचा असतो : मूठ धरून ओढले की दर्शनी फळी बाजूंपासून सुटू पाहते. चुका रेषांच्या दिशेने ठोकल्या जातात तिथे त्यांची पकड कमी असते आणि दोन-तीन वर्षांत त्या ढिल्या होतात. म्हणून पुढच्या दोन कोपऱ्यांना डव्हटेल करावा. मागच्या कोपऱ्यांना साधी खाच आणि गोंद चालेल. शेपट्या बाजूच्या फळ्यांवर कापाव्यात, म्हणजे ओढताना सांधा अधिकच आवळतो. सागवानासाठी शेपटीचा उतार आठास एक ठेवावा. त्याहून अधिक तिरका केला तर कोपऱ्याचे टोक तुटते.

रेघ पेन्सिलने न मारता धारदार सुरीने मारावी. सुरीच्या रेघेत पटाशीचे टोक आपोआप बसते, पेन्सिलच्या रेघेला मात्र स्वतःची जाडी असते आणि तेवढीच फट शेवटी सांध्यात उतरते. करवत नेहमी काढून टाकायच्या लाकडात चालवावी, रेघ शिल्लक राहिली पाहिजे. आधी शेपट्या कापून घ्याव्यात, त्या दर्शनी फळीच्या टोकावर ठेवून सुरीने त्यांचीच नक्कल उतरवावी आणि मग खाचा कोराव्यात. मापे घेऊन दोन्ही भाग वेगवेगळे आखले, तर ते जुळत नाहीत. सांधा कोरडा जुळवताना अर्ध्यापर्यंतच ठोकून पाहावा. पूर्ण बसवून दोनदा काढला की ढिला पडतो.

हत्यारांत पाठीला पोलादी पट्टी असलेली बारीक दातांची करवत, पाव, अर्धा आणि पाऊण इंची पटाशा, एक लोखंडी रंधा, गुण्या, लाकडी हातोडी आणि दोन क्लॅम्प एवढ्यावर काम होते. पण धारेचा दगड नसेल तर यातले काहीच उपयोगाचे नाही. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. पटाशीचा उतार २५ अंशांचा आणि धारेची शेवटची बारीक कड ३० अंशांची ठेवून दर अर्ध्या तासाने दगडावर दोन हात मारण्याची सवय लावून घ्यावी. पटाशीने लाकडाचे टोक आडवे कापताना ते चिरडल्यासारखे पांढुरके दिसू लागले, तर वेळ झाली असे समजावे. सागवान तेलकट असते, म्हणून गोंद लावण्याआधी सांध्याची जागा स्पिरिटने पुसून घ्यावी.

खोके गोंदाने जोडताना दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले नाहीत, तर लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प किंचित तिरपा लावून ओढून घ्यावेत. गोंद वाळल्यानंतर ही चूक सुधारत नाही, आणि पहिल्या उत्तरातील डावी-उजवीकडे घासणारा खण इथेच जन्माला येतो.

प्रश्न : बिजागऱ्या बसवताना पितळी स्क्रूची डोकी तुटतात. दोन तुटलेले स्क्रू दारात तसेच अडकले आहेत.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : पितळ मऊ असते आणि सागवान कठीण. आधी योग्य जाडीचे भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून पूर्ण बसवावा, म्हणजे लाकडात आटे पडतात. तो काढून मग पितळी स्क्रू हाताने फिरवावा. अडकलेल्या स्क्रूंसाठी त्यांच्याभोवती बारीक ड्रिलने लागून लागून भोके पाडावीत, स्क्रू पकडीने बाहेर काढावा आणि त्या जागी सागवानाचीच गुल्ली गोंदाने ठोकावी. गुल्लीच्या रेषा दाराच्या रेषांना समांतर असू द्याव्यात. टोकाच्या बाजूने ठोकलेल्या गुल्लीत नवा स्क्रू धरत नाही.