नऊशे पौंडांना हो म्हणण्याआधी

लीड्सच्या एका ताई डबे पोचवण्यासाठी २००३ ची डिझेल व्हॅन वापरतात. हीटरमधून गार हवा येते, हायवेवरही इंजिनाच्या तापमानाचा काटा निम्म्यापर्यंत चढत नाही. गॅरेजवाल्याने हीटरचा आतला भाग, हीटर मॅट्रिक्स, बदलायचे ९०० पौंड सांगितलेत. बचत २,६०० पौंड. घरचे म्हणतात, ९ टक्क्यांनी १४,००० पौंडांचं कर्ज काढून दुसरी व्हॅन घे.

ताई, कर्ज नकोच. पाच वर्षं महिन्याला साधारण २९० पौंड हप्ता, त्यात व्याजाचेच ३,४०० च्या वर. मंदीच्या महिन्यातही तो चुकणार नाही.

पण ९०० लाही लगेच हो म्हणू नका. व्हॅनचा हीटर वेगळी उष्णता तयार करत नाही. इंजिनात तापलेलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे मॅट्रिक्समधून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. तुमचा काटाच वर जात नाही, म्हणजे कूलंटच पुरेसं तापत नसावं. माझा पहिला संशय थर्मोस्टॅटवर आहे, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला मोठ्या रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर; ती उघडीच अडकली असावी. हा सुटा भाग स्वस्त असतो, आणि तो बिघडला की गार इंजिन डिझेलही जास्त पितं. मॅट्रिक्सच्या बिलात मोठा वाटा मजुरीचा, कारण बऱ्याच गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

म्हणून आधी फक्त तपासणीचे पैसे द्या. कूलंटची पातळी, अडकलेली हवा, थर्मोस्टॅट, आणि इंजिन तापल्यावर मॅट्रिक्सच्या दोन्ही नळ्या, एवढं बघायला सांगा. एक नळी गरम आणि दुसरी गार निघाली तर मॅट्रिक्स तुंबलेलं असू शकतं. तसं असेल तर आधी ते धुऊन बघायला सांगा. पायाखालचा गालिचा ओला असेल, काचेवर चिकट वाफ धरत असेल, तर मात्र मॅट्रिक्स गळतंय. मग ९०० खर्च करा. बचतीत १,७०० उरतील, तेवढ्यावर हात आखडून का होईना निभेल. हे काम उन्हाळ्यावर ढकलू नका, समोरची काच याच हवेने साफ होते आणि तुम्ही पहाटे अंधारात निघता.

एक चाचणी मात्र आवर्जून करून घ्या: कूलंटच्या टाकीत इंजिनातला जळका वायू येतोय का. येत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेल्याची शंका घ्यायची. तसं निघालं तर हीटरवर एक पौंडही घालू नका, इंजिनच्या दुरुस्तीचा आकडा आणि व्हॅनची आजची किंमत मला कळवा.