निधी गोळा करायला निघण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाला एनएसएसतर्फे प्रभातफेरी, पथनाट्य आणि डिमेन्शियाच्या, म्हणजे अल्झायमरसारख्या आजारांमुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या, संशोधनासाठी निधी, असा तुमचा बेत वाचला. फार बरं वाटलं. जरूर करा. पण पावतीपुस्तक छापण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. आपल्याकडे या संशोधनाला पैसा कमी पडतो हे खरंच, पण त्याहून जास्त माणसं कमी पडतात.

१९९८ साली काही संशोधकांनी एकत्र येऊन एक गट उभा केला आणि त्याला ‘१०/६६’ असं नाव दिलं. जगातले डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण आपल्यासारख्या देशांत राहतात आणि त्यांच्यावर होणारं संशोधन एकूण संशोधनाच्या १० टक्केही नाही, ही तक्रार त्यांनी नावातच मांडली होती. आज भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. बायकांमध्ये आणि खेड्यांत प्रमाण जास्त. यातले बहुतेक जण कुठल्याच डॉक्टरांच्या वहीत नाहीत. ‘वय झालं, आता असं व्हायचंच’ म्हणून घर गप्प बसतं. आजोबा एसटी स्टँडवर हरवले, आजींनी रात्री गॅस उघडा ठेवला, की मग धावाधाव. तोवर आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो आणि सुरुवातीच्या काळात मेंदूत काय घडत होतं हे समजून घेण्याची संधी गेलेली असते.

म्हणून तुमच्या नाटकाने एवढं एक काम केलं तरी मोठं होईल: विसरणं वाढलंय, रोजचे व्यवहार चुकायला लागलेत, स्वभाव बदललाय असं दिसलं की घरच्यांनी लवकर डॉक्टरकडे जावं. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा त्रास, उतारवयातलं नैराश्य यांतही माणूस असाच गोंधळतो, आणि त्यांवर उपचार आहेत. केवळ म्हातारपण समजून असा माणूस कोपऱ्यात बसवून ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. नाटकात हे ठासून सांगा.

आता संशोधनाकडे येते. तुला वाटतं तशी ही सगळी प्रयोगशाळेतली गोष्ट नाही. स्मरणशक्तीच्या चाचणीचंच बघ. परदेशात बनलेल्या प्रसिद्ध चाचणीत एक इंग्रजी शब्द उलट्या क्रमाने स्पेल करायला सांगतात. शाळेची पायरी न चढलेल्या आजींना हे विचारून काय कळणार? हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी हिंदी चाचणी तयार केली तेव्हा त्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. असा प्रत्येक बदल शेकडो निरोगी आणि आजारी वृद्धांसोबत बसून पारखावा लागतो. आपल्या बोलींमध्ये, आपल्या खेड्यांत हे काम अजून कितीतरी व्हायचं आहे, आणि त्यासाठी दीड-दोन तास शांतपणे बसायला तयार असलेले म्हातारे लागतात. ते मिळवून देणं तुमच्यासारख्या मुलांना जितकं जमेल तितकं कुठल्या जाहिरातीला जमणार नाही. गावातल्या घरात तुम्हाला चहा मिळतो, आम्हाला आधी संशय मिळायचा.

कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा भागात बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने पंचेचाळिशीपुढच्या १०,००० ग्रामस्थांना वर्षानुवर्षं तपासत राहण्याचा संकल्प केला आहे. रक्त, चाचण्या, मेंदूचं स्कॅन, आणि पुन्हा पुढच्या फेरीला तेच. कोण आजारी पडतो, कोण पडत नाही आणि का, हे असंच कळतं. यात भाग घेणाऱ्या धडधाकट शेतकऱ्याला स्वतःला लगेच काहीच मिळत नाही, तरी तो येतो. माझ्या लेखी संशोधनाला दिलेली याहून मोठी देणगी नाही.

आणखी एक देणगी आहे, मेंदूदानाची. तिच्याबद्दल बोलायला लोक कचरतात. १९०१ साली ५१ वर्षांची ऑगुस्टे डेटर नावाची बाई फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झाली. १९०६ मध्ये ती गेली आणि आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा पुढे त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या या आजाराच्या खुणा पहिल्यांदा नीट दिसल्या. पुढे अमेरिकेत ६७८ ख्रिस्ती जोगिणींनी (नन्सनी) मृत्यूनंतर मेंदू देण्याचं कबूल केलं, आणि मेंदूत बराच बिघाड असूनही काही जणी शेवटपर्यंत तल्लख होत्या हे त्यातून कळलं. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेत असे दान केलेले मेंदू अभ्यासासाठी जपणारी मेंदूपेढी आहे. आपल्याकडे नेत्रदानाचे फॉर्म लग्नाच्या मांडवातही भरले जातात, पण मेंदूदान हे नावही अनेकांनी ऐकलेलं नाही. प्रभातफेरीत हा विषय घोषणेत नको. ज्या घरी नीट बसायला मिळेल तिथे, सगळ्या कुटुंबासमोर, सावकाश काढ.

औषधांविषयी फार जपून बोला. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब या नव्या औषधांना अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ती सुरुवातीच्या टप्प्यात आजाराची घसरण काहीशी मंदावतात, बरा करत नाहीत. मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून वारंवार एमआरआय करावा लागतो. ‘आता औषध निघालं’ असं एकही वाक्य फलकावर दिसता कामा नये. अशा आशेवर उपचारांसाठी जमीन विकायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा हे लिहा: ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार, टाळता किंवा कमी करता येतील असे १४ धोके आयुष्यभर सांभाळले तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येतील. रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर आणि कमी शिक्षण यांच्याबरोबर कमी ऐकू येणंही त्या यादीत आहे. कानाच्या तपासणीचं शिबिर तुमच्या आवाक्यातलं आहे.

पैसे जमलेच तर काळजी घेणाऱ्यांवरच्या अभ्यासांनाही विसरू नका. गोव्यात ८१ कुटुंबांसोबत एक प्रयोग झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांनी घरी जाऊन आजार समजावला, रुग्ण चिडला तर काय करायचं ते सांगितलं, ऐकून घेतलं. ज्यांना ही मदत लगेच मिळाली त्या घरांत काळजी घेणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. रात्र-रात्र जागणाऱ्या सुनेच्या दृष्टीने हे संशोधन औषधाच्या कुठल्याही रेणूइतकंच मोलाचं आहे, आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत करून बघायला खर्च तुलनेने थोडा येतो.

निधी कुठे जाणार हे संस्थेकडून लेखी घ्या आणि पावतीवर छापा. रुग्णाचा फोटो घरच्यांनी होकार दिला तरी वापरू नका. त्याला स्वतःला नाही म्हणता येत नाही, एवढं कारण पुरे.

आणि संहिता. त्यात विसरभोळ्या आजोबांवर हशा मिळवणारा प्रसंग असेल तर आधी तो काढ. मग तालीम सुरू होण्यापूर्वी, घरी असा रुग्ण असलेल्या दोन-तीन कुटुंबांना ती वाचून दाखव आणि ते जिथे थांबवतील तिथे बदल कर. ओळखीचं कुणी नसेल तर मला कळव, मी गाठ घालून देते.

तुझ्या,
मॅडम