मांजरीच्या जखमेवर घरी डेटॉल लावलं तर चालेल का?

नाही, पाण्यात मिसळूनही नको. डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल फिनॉलच्या जातीचं. मांजराच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही, आणि जखम ती चाटणारच. त्यापेक्षा अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात सपाट चमचाभर (साधारण 5 ग्रॅम) मीठ विरघळवा आणि गॉजने दिवसातून दोनदा हलकेच पुसा. कापूस नको, त्याचे तंतू जखमेला चिकटतात. जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर हवीच, मांजर कितीही रुसली तरी. हे सगळं फक्त खरचटल्यावर. दुसऱ्या मांजराने चावल्याचं बारीक भोक असेल तर वरची कातडी पटकन मिटते, आत पू साठतो आणि दोन-चार दिवसांत गळू फुगतं. अशा वेळी सरळ पशुवैद्याकडे न्या. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नका, एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.