माळावरचे भोवत्या आणि नीटचा क्लास

दहिवडीहून एका वडिलांनी लिहिलंय: ‘मुलगी अकरावी सायन्सला आहे. नीटचा क्लास लावलाय, पण सुट्टी मिळाली की दुर्बीण घेऊन माळावर घारी-ससाणे बघत बसते. म्हणते, यातच शिकायचंय. यात पोट भरतं का?’

नमस्कार भाऊ,

भरतं, पण उशिरा. पीएच.डी. होईपर्यंत फेलोशिपवर नाहीतर कंत्राटी प्रकल्पांवर दिवस काढावे लागतात आणि पक्क्या जागा थोड्या. हे तिलाही आत्ताच सांगा.

क्लास मात्र वाया जाणार नाही. पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो आणि तसं कॉलेज आपल्या जिल्ह्यात, शिरवळला आहे. गिधाडांचं कोडं याच विद्येनं सोडवलं. गिधाडं पटापट मरत होती आणि कारण कळत नव्हतं. शवविच्छेदनात आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर दिसला, म्हणजे किडन्या निकामी झालेल्या. जनावरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या ढोरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं, हे 2004 मध्ये सिद्ध झालं. 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

उपचारापेक्षा पक्ष्यांचं जगणंच अभ्यासायचं असेल तर साताऱ्यात किंवा सांगलीत प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावं. पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची एम.एस्सी. आहे, एमपीएससीची वनसेवाही आहे. गणित सोडू देऊ नका. संख्याशास्त्राशिवाय पक्षी मोजता येत नाहीत.

आता तुमच्या माळाबद्दल. सरकारदरबारी तो पडीक असेल, पण भोवत्या हे शिकारी पक्षी मध्य आशियातून हिवाळा काढायला अशाच माळांवर येतात. दिवसा गवताच्या अगदी जवळून उडत टोळ, उंदीर, छोटे पक्षी टिपतात आणि रात्री त्याच गवतात, जमिनीवरच झोपतात. गवत जाळलं किंवा तिथं दाट झाडं लावली, की त्यांची झोपायची जागाच जाते. असा माळ घराजवळ असणं हे तुमच्या मुलीचं भाग्य आहे.

तिला वही घालायला लावा: तारीख, वेळ, पक्षी, काय करत होता. पडक्या वाड्यात गव्हाणी घुबड असेल तर खाली पडलेले गोळे मास्क आणि हातमोजे घालून गोळा करू द्या. घुबड उंदीर बहुधा अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं, केस ओकून टाकतं. गोळा भिजवून कवट्या मोजल्या की त्यानं किती उंदीर खाल्ले ते कळतं. घरट्याजवळ मात्र जायचं नाही.

संध्याकाळी माळावर तिला एकटीला पाठवू नका. दिवाळीनंतर एकदा तुम्हीच सोबत जा, आणि दुर्बीण थोडा वेळ स्वतःच्या डोळ्यांना लावा.