ओएलईडीच्या (सेंद्रिय थरांच्या सपाट दिव्याच्या) काचेवर बारीक नक्षी केली की उजेड खरंच वाढतो का? एमएस्सी प्रोजेक्टला कोणती नक्षी घ्यावी?

वाढतो. साध्या ओएलईडीत तयार झालेल्या उजेडापैकी जेमतेम २० टक्के बाहेर येतो. काचेचा अपवर्तनांक (उजेड किती वळवते त्याचं माप) १.५, हवेचा १, म्हणून काचेच्या लंबापासून साधारण ४२ अंशांपेक्षा तिरका गेलेला किरण काचेतच माघारी फिरतो. नक्षीमुळे पृष्ठभागाचा उतार बदलतो, म्हणून असे बरेच किरण सुटतात.

हे आमच्या काकांना पटत नाही. त्यांचा जन्म बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत डाय पॉलिशिंगमध्ये (धातूचे साचे घासून चकचकीत करण्यात) गेला. ‘मिरर फिनिश’ नसलेली वस्तू त्यांच्या लेखी भंगार. गणपतीला अनगोळच्या घरी मी एक कोरं पॅनल आणि मायक्रोलेन्सची (बारीक भिंगांची) फिल्म नेली होती. काका म्हणाले, “काच खरबरीत करून उजेड वाढतोय होय? मग रस्त्याला खड्डे पाडून गाडीचं ॲव्हरेज वाढव की!” सगळे खिदळले. फिल्म नुसती ठेवली तर फारसा फरक नाही, कारण मध्ये हवेची फट. थेंबभर खोबरेल सोडून दाबली, तेवढा चौकोन उजळला. तर काका, “ही तेलाची करामत!” शेजारी तेल लावून वर साधी काच ठेवली. तिथे उजेड होता तेवढाच, पृष्ठभाग सपाटच राहिला ना! पण ते बघायला काका थांबले तर शपथ, आरतीला उठले. तेव्हापासून प्रत्येक लग्नात माझी ओळख ‘तेल लावून दिवा वाढवणारा’.

तुम्ही बाहेरच्या बाजूची लेन्सची जाळीच घ्या. २००२ साली मोलर आणि फॉरेस्ट या संशोधकांनी तिच्या जोरावर उजेड सुमारे दीडपट केला होता. आतल्या, म्हणजे काच आणि सेंद्रिय थरांमधल्या, नक्षीच्या नादी लागू नका. सेंद्रिय थर सगळे मिळून शे-दोनशे नॅनोमीटर, जरा उंचवटा आला की शॉर्ट. मोजमाप इंटिग्रेटिंग स्फिअरमध्ये (सगळ्या दिशांचा उजेड गोळा करणाऱ्या पोकळ गोळ्यात), काचेच्या कडा काळ्या करून. समोर लक्समीटर धरून ‘दुप्पट’ लिहिणाऱ्यांना माझ्या मते नापासच करावं. कारण लेन्स उजेडाची दिशाही बदलते. आणि प्रबंधात तीन फोटो टाकाच: कोरी काच, तेल आणि साधी काच, तेल आणि फिल्म. एक्सपोजर एकच. एक मोठी रंगीत प्रिंट मला पाठवा, बेळगावात एका माणसाला दाखवायची आहे.

हां, बाहेरची नक्षी फक्त काचेत अडकलेला उजेड सोडवते. आयटीओत (पारदर्शक विद्युतवाहक थरात), सेंद्रिय थरांत आणि कॅथोडपाशी (मागच्या धातूच्या थरापाशी) अडकलेला तिथेच राहतो. पॅनलवर आधीच फिल्म असेल तर दुसरी चिकटवून उपयोग नाही. आणि हे सगळं दिव्यांपुरतं. मोबाईलच्या पडद्यावर असली फिल्म लावलीत तर पिक्सेलचा उजेड एकमेकांत मिसळून अक्षरं पुसट होतील.