ठिपका परत सापडला पाहिजे

अगं,
परवा दादरला उतरता उतरता तू विचारलंस की प्लूटोच्या पलीकडच्या त्या बर्फाळ गोळ्यांवर आयुष्य काढता येतं का आणि त्यात पोट भरतं का, आणि मी तोंड उघडायच्या आत गर्दीनेच मला प्लॅटफॉर्मवर काढलं, म्हणून हे लिहितेय.

पोट भरतं, पण उशिरा. बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी, मग दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकऱ्या, कधी या देशात कधी त्या. घरी आत्ताच सांगून ठेव की तिशी उलटेपर्यंत सेटल हा शब्द काढायचा नाही.

दुर्बिणीला डोळा लावून बसायचं वगैरे काही नसतं. स्क्रीनवर आकाशाच्या एकाच तुकड्याचे राखाडी फोटो, तासा-तासाने घेतलेले, तारे जागच्या जागी आणि एखादा ठिपका जरासा सरकलेला, तोच आपला गोळा. तासाला साधारण 3 आर्कसेकंद (एका अंशाचे 3600 तुकडे केले की त्यातला एक म्हणजे आर्कसेकंद), म्हणजे पूर्ण चंद्राची रुंदी ओलांडायला पंचवीसेक दिवस, तेही बरंचसं आपली पृथ्वी पळते म्हणून. वर सूर्याचा उजेड तिथवर जाऊन परत यायचा, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की ठिपका सोळा पट फिका. डेव्हिड ज्यूइट हा खगोलशास्त्रज्ञ आणि त्याची विद्यार्थिनी जेन लू यांनी 1987 ला असे गोळे शोधायला घेतले, पहिला सापडला 1992 च्या ऑगस्टमध्ये, हवाईत. पाच वर्षं हात रिकामे!

आणि सापडून भागत नाही गं. प्लूटोची एक फेरी 248 वर्षांची, त्यातला नखाएवढा तुकडा आपल्याला दिसतो, त्यावरून कक्षा बसवायची तर पुढच्या वर्षी परत बघायला लागतं, त्याच्या पुढच्या वर्षी परत. दुर्बिणीचा वेळ मिळाला नाही किंवा ढग आले की गेला हरवून.

माझी फजिती ऐक. पीएचडीत असताना एक ओळखीचा गोळा त्या वेळेला गणिताने जिथे असायला हवा त्या जागेच्या जवळच, 16-17 आर्कसेकंद मागे, मला नवा ठिपका दिसला, तोच वेग, तीच दिशा. मी रात्रभर नाचले. सकाळी गाइडने एवढंच विचारलं, वेळ कुठली टाकलीयस? लॉगमधली भारतीय वेळ मी तशीच यूटीसीच्या, म्हणजे जगभर वापरतात त्या प्रमाणवेळेच्या, रकान्यात भरली होती. साडेपाच तासांचा फरक, गुणिले 3, कर हिशोब. जुना गोळा फोटोत दिसतच नाहीये हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं, नव्याच्या आनंदात.

आता चिलीतल्या रुबिन दुर्बिणीचे 2025 च्या जूनमध्ये पहिले फोटो आलेत, ती असले ठिपके ढिगाने काढेल, मग मी कशाला असं म्हणशील. पण नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या बरोब्बर दोन होतात आणि त्याच तालात आणखी कितीतरी गोळे अडकलेत, ते कसे अडकले, नेपच्यून बाहेर सरकताना त्यांना ढकलत गेला का, हे कागदावर मांडायला तूच लागशील. म्हणून मेकॅनिक्स आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं कर, पायथनमध्ये प्रोग्रॅमिंग शिक, मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राच्या ऑलिम्पियाडचे जुने पेपर सोडव. मुंबईत तारे दिसत नाहीत हे रडगाणं मात्र नको, माझं निम्मं काम पावसाळ्यात पंख्याखाली बसूनच झालंय.

रविवारी लॅपटॉप घेऊन ये. फोटोंचा एक सेट देते, त्यात एक ठिपका आहे, कुठेय ते सांगणार नाही. फोटोंवरची वेळ यूटीसी की आपली, तेही नाही सांगणार.

तुझी मावशी