घरात परवान्याची बंदूक आणि भावाला स्किझोफ्रेनिया : धोका नेमका कुठे, आणि काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात बागायत आहे, बाबांच्या नावावर पीकसंरक्षणाचा परवाना आणि बारा बोअरची एकनळी बंदूक आहे. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार, आहे, बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेची औषधं चालू आहेत. वाड्यावरचे म्हणतात, ‘वेड्याच्या घरात बंदूक कशाला, एक दिवस कोणाला तरी उडवील.’ यात तथ्य किती, आणि बंदुकीचं करायचं काय?

बंदूक सध्या घराबाहेर काढा. पण वाड्यावरचे सांगतात त्या कारणासाठी नव्हे.

मानसिक आजार आणि बंदूक यांवर सर्वांत जास्त अभ्यास अमेरिकेत झाला, कारण घरोघरी बंदुका तिथेच. तिथल्या एकूण हिंसेपैकी गंभीर मानसिक आजारामुळे घडणारी हिंसा साधारण चार टक्के निघते. म्हणजे हे सगळे आजार उद्या बरे झाले, तरी शंभरांतले शहाण्णव प्रकार तसेच राहतील. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मॅकार्थर अभ्यासात मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या लोकांची त्यांच्याच वस्तीतल्या शेजाऱ्यांशी तुलना केली होती. ज्यांना दारू किंवा अमली पदार्थांचा त्रास नव्हता, ते शेजाऱ्यांपेक्षा जास्त हिंसक निघाले नाहीत. नशा आली की मात्र दोन्हीकडे हिंसा वाढली, आणि रुग्णांमध्ये नशेचं प्रमाणच जास्त होतं. तेव्हा भावाच्या निदानापेक्षा घरातल्या फेणीच्या बाटलीकडे आधी बघा, आणि ती कोण पितो तेही बघा.

आजाराचा आणि हिंसेचा संबंध शून्य आहे, असंही मी म्हणणार नाही. आजाराचा पहिला झटका येऊन गेला आणि उपचार अजून सुरूच नाहीत, तो काळ खरोखर जोखमीचा. वेगवेगळ्या देशांची आकडेवारी एकत्र करून २०१० साली मांडलेला हिशेब असा : उपचाराआधीच्या पहिल्या झटक्यात सुमारे ६२९ रुग्णांमागे एकाच्या हातून खून घडला, उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण वर्षाला सुमारे ९,०९० रुग्णांमागे एक एवढं खाली आलं. तुमचा भाऊ औषधं घेतो आहे, म्हणजे तो दुसऱ्या गटात आहे. त्याला तिथेच ठेवणं हे बंदुकीच्या कुलपाइतकंच महत्त्वाचं. गोळ्या बंद करून घाड्याकडे, म्हणजे भूतबाधा उतरवणाऱ्याकडे, नेण्याचा आग्रह कोणी धरला, तर तिथे ठाम राहा. देवळात गाऱ्हाणं घाला, हरकत नाही, पण गोळी चुकवू नका.

खरा धोका दुसऱ्या दिशेला आहे. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या, खुनांपेक्षा जास्त. भारतात आत्महत्यांमध्ये बंदुकीचा वाटा अगदी थोडा आहे, कारण बंदुकाच थोड्या घरांत आहेत. तुमचं घर त्या थोड्यांपैकी एक. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी साधारण पाच टक्के आत्महत्येने जातात, आणि रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले तीन महिने त्यात सर्वांत नाजूक. जीव देण्याची लाट बहुतेकदा काही तासांची असते, कधी काही मिनिटांची. ती ओसरेपर्यंत जीवघेणी वस्तू हाताला लागली नाही तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्या दहांपैकी जवळपास नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदूक ही दुसरी संधी सहसा देत नाही.

‘एक वाट अडवली तर दुसरी शोधेल’ हे ऐकाल, तेव्हा इस्रायलच्या सैन्याचं उदाहरण सांगा. २००६ मध्ये त्यांनी जवानांना सुट्टीवर जाताना रायफल तळावरच ठेवायला लावली. आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, ती घट मुख्यतः आठवडी सुट्टीच्या दिवसांतली, आणि आठवड्याच्या इतर दिवशी त्या बदल्यात वाढल्या नाहीत.

आता बंदूक बाहेर काढायची कशी. निवडणूक आली की आदेशाप्रमाणे ती पोलीस ठाण्यात जमा होते, हे बाबांना चांगलं ठाऊक आहे. तसंच आत्ता स्वतःहून करायचं. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे साधा अर्ज लिहा : परवाना क्रमांक, बंदुकीचा प्रकार, तिच्यावर कोरलेला क्रमांक, काडतुसांची संख्या, आणि ‘सध्या घरी सुरक्षित ठेवण्याची सोय नाही, म्हणून ताब्यात ठेवावी’. एवढं कारण खरंही आहे आणि पुरेसंही. भावाचं निदान त्यात लिहायची गरज नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ त्याच्या आजाराच्या माहितीला गोपनीयता देतो. पोचपावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसं दोन्ही नोंदवून घ्या. काडतुसं मोजताना कपाटाबरोबर बागेतल्या खोपटातला डबाही बघा, कारण जुनी, पावसाळ्यात दमट झालेली काडतुसं तिथेच विसरलेली असतात. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेही बंदूक ठेवता येते, पण तो शुल्क घेईल.

इथे लोक हमखास एक चूक करतात : बंदूक शेजारच्या गावातल्या मामाकडे देऊन टाकतात. हेतू चांगला असला तरी तो शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नव्हे. मामाकडे स्वतःचा परवाना असला, तरी त्याच्यावर त्याचीच बंदूक नोंदलेली असते. दुसरी चूक म्हणजे, बंदूक ठाण्यात आहे म्हणून परवान्याचं नूतनीकरण विसरणं. २०१९च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षांची झाली आहे, ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा.

‘भाऊ आजारी आहे म्हणून बाबांचा परवाना जाईल का?’ या भीतीने पुष्कळ घरं गप्प बसतात. शस्त्र कायदा परवाना देताना परवानाधारकाची मनःस्थिती बघतो, भावाची नव्हे. सार्वजनिक सुरक्षेसाठी परवाना निलंबित करण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहेच. पण स्वतःहून बंदूक जमा करणाऱ्याची बाजू कपाटात लपवणाऱ्यापेक्षा केव्हाही भक्कम. आणि ‘मनोविकल’ (अनसाउंड माइंड) हा कायद्यातला शब्द भावाला लावायची घाई कोणी करू नये. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे नुसत्या निदानाने कोणी तसा ठरत नाही, ते न्यायालयाने जाहीर करावं लागतं.

बागायतीचं काय? रानडुकरं आणि माकडं तुमची वाट बघत थांबणार नाहीत, हे मान्य. कृषी खात्याची सौर कुंपणासाठी अनुदान योजना आहे, वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेने कुंपण झालं की रात्री भरलेली बंदूक घेऊन मचाणावर बसायची गरज बरीच कमी होते. ती भरलेली बंदूक पहाटे तशीच घरात येऊन भिंतीला टेकते, आणि अपघात तिथे होतात.

भाऊ स्थिर झाला, त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनाही वाटलं, आणि बंदूक परत आणायची ठरली, तर मग ठेवण्याची पद्धत बदला. हात फक्त बाबांनी लावायचा. नळी मोकळ्या जागेकडे धरून बंदूक बिजागरीत वाकवून उघडायची, काडतूस काढायचं, काडतूस बसतं ती नळीतली पोकळी डोळ्यांनी बघायची आणि बोटाने चाचपायची. मग पुढचा लाकडी भाग काढला की नळी दस्त्यापासून सुटी होते. नळी एका कुलपात, दस्ता दुसऱ्यात, काडतुसं तिसऱ्या खोलीत. किल्ली देव्हाऱ्यात किंवा गादीखाली नको. ती जागा घरातल्या पोरासोरांनाही माहीत असते. किल्ली बाबांच्या करगोट्याला बरी. आणि गड्याला किंवा पुतण्याला ‘जरा राखण कर’ म्हणून बंदूक कधीही देऊ नका.

भाऊ सलग दोन-तीन रात्री झोपला नाही, गोळ्या थांबवल्या, अमुक माणसानेच करणी केली असं एकाच नावावर अडून बसला, किंवा आवाज त्याला काही करायला सांगत असतील, तर पुढच्या तारखेची वाट न बघता बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत न्या. मरणाविषयी बोलला तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी ऐकतंय हे कळून माणूस सैल होतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आत्ता तो बरा आहे तोवर एक काम उरकून घ्या : साध्या कागदावर सही करून त्याने आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या बाबतीत त्याच्या वतीने बोलणारा माणूस, ठरवावा. बिघाडाच्या वेळी तो दाखल व्हायला तयार नसेल, तर २०१७च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ८९ खाली प्रतिनिधीच्या अर्जावर, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांच्या तपासणीनंतर, त्याला तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. कोर्टाच्या हेलपाट्यांची गरज नाही.

कधी भावाच्या हातात बंदूक आलीच, तर झटापट करू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ११२ लावा. माणूस आजारी आहे, बंदूक एकनळी आहे, काडतुसं इतकी आहेत, हे फोनवरच सांगा. त्याच कायद्याच्या कलम १०० प्रमाणे पोलिसांनी त्याला कोठडीत न टाकता चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं.

आता, ज्यांच्याविषयी तुम्ही विचारलंच नाही त्यांच्याविषयी : बाबा. बंदूक त्यांच्या हातात असते, परवाना त्यांचा आहे. मुलाचं आजारपण, डुकरांनी उकरलेली बाग आणि उतरलेला काजूचा भाव हे सगळं तेच झेलताहेत. रोज संध्याकाळी किती पितात, झोप येते का, जेवण जातं का, हे त्यांना विचारा. भावाला बांबोळीला घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांशी दहा मिनिटं त्यांच्यासाठीही मागून घ्या.